भिकनभाऊंची ब्रेक राहिलेली गाडी

मंडळी, नमस्कार. भिकनभाऊंच्या शोकसभेला एवढे सगळे आलात. खुर्च्या कमी पडल्या, मागे माणसं उभी आहेत. खरं सांगू का, हे बघून मला बरं नाही वाटलं. राग आला. गेलं वर्षभर भिकनभाऊंच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची होती, आणि तीही रिकामी असायची.

मी गोविंद. आडगाव नाक्याजवळ भाऊंच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान आहे. बावीस वर्षं आमची भिंत एक. मला बोलायची सवय नाही. पण आत्ता माझ्याआधी कारखानेवाले शेठ बोलले. म्हणाले, "भिकन कारागीर मोठा होता, पण शेवटच्या कामात त्याला घाई नडली." तुम्ही माना डोलावल्या. म्हणून उठलो.

ते शेवटचं काम सगळ्यांना माहीत आहे. शेठच्या वडिलांची जुनी ॲम्बॅसेडर. गोठ्यात पडून होती, आत कोंबड्या बसायच्या. शेठना ती दिसायला वडिलांच्या वेळेसारखी हवी होती आणि पळायला आजच्या गाडीसारखी. म्हणजे आतलं इंजिन काढून मोठं डिझेल इंजिन बसवायचं. भाऊ म्हणाले, "आधी आरटीओची परवानगी आणा, मग मी पान्याला हात लावतो." शेठनी आणली. मग आठ महिने भाऊ त्या गाडीतच होते. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. इंजिनाची बैठक नव्याने केली. नव्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, तेव्हा मधली प्लेट मी लेथवर केली. चार वेळा केली. तीन वेळा भाऊंनी हातात घेतली आणि परत दिली. "गोविंदा, केसाएवढी चुकली. पण चुकली."

शेठ, ही घाई आहे का?

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी आम्ही पेढे आणले. भाऊंनी हात लावला नाही. म्हणाले, "आत्ता ती नुसती पळती. थांबती कुठं?" इंजिन जड, ताकद दुप्पट, आणि ब्रेक तेच जुने. मंडळी, भाऊंची एक रीत होती. ब्रेक पास होईपर्यंत ते गाडीच्या स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवायचे. चिंधी आहे तोवर गाडी गॅरेजबाहेर नाही. मालक असो, मंत्री असो. ब्रेक पास झाले की स्वतःच्या हाताने सोडायचे.

दसऱ्याच्या सकाळी भाऊ मालेगावला गेले. तिथे एका भंगारवाल्याकडे मोठ्या ब्रेकचा सेट आलाय असं कळलं होतं. सणासुदीचं घर सोडून गेले. तुम्ही रागावला होतात, आठवतं ना वहिनी? जाताना किल्ली माझ्याकडे दिली. आणि शेठ आले. नवे कपडे, हातात झेंडूचा हार. म्हणाले, "पूजेचा मुहूर्त टळतोय. घरापर्यंत नेतो, दारात पूजा करतो, लगेच आणून लावतो." मी म्हणालो, ब्रेक राहिलेत. म्हणाले, "हळू नेईन."

आता नीट ऐका. ती चिंधी मी सोडली. या हातांनी सोडली आणि तिच्या जागी हार बांधला. किल्लीही मीच दिली. दसऱ्याला गाडी पूजेवाचून राहू नये असं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, चार लोकांनी ती गाडी बघावी असंही वाटलं. माझी प्लेट होती तिच्यात.

घरापर्यंत जाणारी गाडी शेठनी नातेवाइकांना दाखवायला सिन्नरला नेली. येताना मोहदरी घाटाच्या उतारावर ब्रेक लागेनात. गाडी कठड्यावर गेली. शेठच्या पत्नीचा पाय मोडला, त्या अजून काठी घेऊन चालतात. त्यांचा मी अपराधी आहे.

दुसऱ्या दिवसापासून नाशिकभर एकच बोलणं, भिकनने ब्रेक न करता गाडी दिली. शेठ, तुम्हीच ते पसरवलंत. किल्ली कुणी दिली हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी का गप्प बसलो? तुमच्या कारखान्याचं काम माझ्या लेथवर येतं म्हणून. आणि मी भित्रा आहे म्हणून. आणि तुम्ही मंडळी? बावीस वर्षं तुमच्या गाड्या भाऊंनी सांभाळल्या. एकाने तरी येऊन विचारलं का, भाऊ, नक्की झालं काय?

भाऊंना सगळं कळलं होतं. मालेगावहून आले, ब्रेकचा सेट खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गाडी माझ्या दारातनं गेली, नाव माझंच येणार. तू सांगशील तेव्हा सांगशील." पुन्हा विषय काढला नाही. रोज चार वाजता माझ्याकडे चहाला यायचे. गाड्या येईनाशा झाल्या तसे तीनलाच यायला लागले. चहा संपला तरी बसून राहायचे. मला वाटायचं, हाताला काम नाही म्हणून बसतात. ते वाट बघत होते. आणि मी त्यांना कांद्याचे भाव सांगत होतो, पाऊसपाणी सांगत होतो.

वहिनी, तुम्हाला हे आज कळतंय, आणि असं चारचौघांत कळतंय. मला माफ करू नका. मी मागायलाही आलेलो नाही.

आता सगळ्यांनी भाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. तुम्ही राहा. मी वर्षभर शांत राहिलो, त्यातच भाऊ गेले. आणखी दोन मिनिटं मला जमायची नाहीत. मी बाहेर दारात जातो. उशिरा येणाऱ्यांना सांगायचंय, गाडी भाऊंनी दिली नव्हती.