शबानाचा पेढा

पेढा नको गड्यांनो मला. हसू नका, आधी कारण ऐका.

आमच्या कंपनीत शबानाला मेंटेनन्सची इन्चार्ज केली. माझी नोकरी चौदा वर्षांची, तिची सहा. परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट येणार हुतं, वरच्या जागेवर बाई दिसायला पायजे, असं एचआरचे साहेबच बोलून गेल्ते. मला लई झोंबलं. ती पेढे वाटत माझ्यापुढं आली, तवा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई हायेस म्हणून मिळालं तुला. मला नको तुझा पेढा."

तिनं डब्याला झाकण लावलं अन् गेली.

गेटवर तिचा मोठा फोटो लागला. ऑडिट पास झालं.

पुढच्याच आठवड्यात कामावरून काढायच्या लोकांची यादी आली. साहेबांनी ती स्वतः वाचायचं टाळलं. इन्चार्ज म्हणून कागद शबानाच्या हातात दिला. तिनं एकेक नाव वाचलं. शेवटच्या नावापाशी थांबली अन् माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता माझंच नाव. तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"सर, एवढं एक तुमी वाचा."

नाव तिचंच हुतं!

मी साहेबांना म्हटलं, "अहो, ही तर तुमची इन्चार्ज! गेटवर फोटो हाय हिचा!"

"ऑडिट झालं ना आता," साहेब म्हणाले. "उद्यापासून इन्चार्ज तुम्ही. पेढे कधी देताय?"