मुंढ्याचं वळण

—छे छे, बूट चांगले आहेत, साहेब, पाय बिघडलेत तुमचे! बसा. त्या स्टुलावर नको, त्याचाही एक पाय तुमच्यासारखाच आहे. तर काय म्हणालात — वीजबूट विकत घेतले, तरी शर्यत हरलो? अहो, मी वेग विकतो, अक्कल नाही! रस्ता माझा, शर्यत माझी, ह्याच टेबलावर बसून बनवली. जगभरातले लोक घरबसल्या मोबाइलवर तिच्यात धावतात, आणि ज्यांना धावता येत नाही ते माझ्याकडून बूट घेतात. परवा एकजण बूट घालून असा सुटला, असा सुटला, की स्क्रीन फोडून बाहेर आला आणि ह्या भिंतीवर आदळला. खोटं वाटतंय? मग हा पोचा कसला? — हसू नका, हरलेल्या माणसाला हसणं शोभत नाही.

तुम्हाला हरवणारा तो अनवाणी गडी लबाडी करतो म्हणता? कशाने करेल? इथे लबाडी फक्त माझ्याकडे मिळते, आणि त्याने आजवर साधी चप्पलसुद्धा घेतलेली नाही. अहो, तळ्याकाठचं ते वळण — मुंढा म्हणतो आम्ही त्याला. मुंढा ठाऊक नाही? एवढा कडक इस्त्रीचा शर्ट घालता आणि मुंढा ठाऊक नाही! बाही खांद्याला जोडतात तो गोल भाग. मला काही केल्या ते वळण जमेना. आई शिवणकाम करायची, तिने खडू घेतला आणि एका हाताने सर्रकन आखून दिलं. म्हणाली, "मुंढ्याला कात्री पळवू नये रे, कापड फिरवावं." तुम्ही कात्री पळवता, म्हणून तळ्यात जाता. सगळे बूटवाले जातात. मी बूट विकायला काढले तेव्हा आई म्हणाली, "चांगल्या कापडाला ठिगळ लावलंस." तेच शेवटचं. तेव्हापासून अबोला. वरच्या मजल्यावर असते, मी ताट जिन्यात ठेवतो, ताट रिकामं येतं, शब्द काही येत नाही — पण तुम्हाला काय करायचंय? तुम्ही गिऱ्हाईक, गिऱ्हाइकासारखे राहा.

काय? अनवाणीला हाकलून देऊ? दुप्पट देता? वा, हरायची लाज नाही आणि जिंकणाऱ्याला घराबाहेर काढायची ऐट! अहो, एक बटण आहे, हे बघा, दाबलं की संपला. तुमच्यासारखे रोज तळ्यात पडून रडत येतात, धंदा बसत चाललाय माझा, मला का दाबावंसं वाटत नसेल? दोनदा बोट ठेवलंय त्याच्यावर. दोनदा. पण मग वरून —

काही नाही. काढा तो मोबाइल. माझ्यासमोर एक डाव खेळा, बघू कसले शूर आहात. हं, सुटलात. तो आलाच बघा तुमच्या मागे, उघड्या पायांचा. आता मुंढा — हळू — हळू हो, बैलोबा, फिरवा, फिरवा — गेले! डुबुक! आणि तो बघा, कसा काठाकाठाने —

श्श. गप्प बसा जरा.

ऐकलंत? वरच्या मजल्यावरची काठी आहे. जिंकली की दोनदा आपटते जमिनीवर. तेवढंच बोलते माझ्याशी.

उठा साहेब. बूट परत घेत नाही मी. — आणि जिन्याकडे काय बघताय? दार इकडे आहे.