बेचाळिसाव्या वर्षी पांढरा बेल्ट

शरच्चंद्र सर : सुजयने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. एका नावाच्या दहा जणी असतात इंदुरात.

संहिता : मीच आहे सर.

शरच्चंद्र सर : विजय नगरमध्ये.

संहिता : हो. माझं ऑफिस आहे त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर कराटेचा क्लास आहे. आठवड्यातून तीन दिवस.

शरच्चंद्र सर : आणि पांढरा बेल्ट बांधून.

संहिता : हो.

शरच्चंद्र सर : बारा वर्षं शिकलीस माझ्याकडे. ब्राउन बेल्ट होतीस. ब्लॅकला एक परीक्षा राहिली होती. आता बेचाळीसची होऊन नवशिक्यांच्या रांगेत उभी राहतेस.

संहिता : रांगेत सगळ्यात शेवटी. माझ्या बाजूला अकरा वर्षांची मुलगी असते. बेबी म्हणतात तिला. आंटी, गाठ उलटी पडली तुमची, म्हणून रोज माझा बेल्ट नीट करून देते.

रमा काकू : अहो, तिला टेकू तरी द्या. ऑफिसातून सरळ आलीये, चेहरा बघा तिचा. संहिता, गाडी कुठे लावलीस गं?

संहिता : मेन रोडवरच, काकू. तुमच्या गल्लीत आता स्कूटरपण नाही घुसत.

रमा काकू : मल्हारगंजात काय घुसतंय आता. बस, मी चहा टाकते. स्वयंपाकघरातून ऐकू येतं मला सगळं, बोला तुम्ही.

शरच्चंद्र सर : आपली शोतोकान शैली सोडून गोजू-र्यू. कोण शिकवतं?

संहिता : श्रेया मॅम. सव्वीस वर्षांची आहे. चांगली आहे, सर.

शरच्चंद्र सर : मी वाईट म्हटलं नाही. मी फक्त विचारतोय, कराटेच करायचं होतं तर इथे का नाही आलीस? मी नसलो तरी क्लास आहे. सुजय चालवतो. तोच शाळेचा हॉल, तीच फरशी.

संहिता : आले होते.

शरच्चंद्र सर : कधी?

संहिता : होळीच्या आधी. एका रविवारी. दारापर्यंत आले. सुजय मोजत होता आणि पंधरावीस मुलं पुढे-मागे करत होती. भिंतीवर माझा फोटो आहे अजून. राज्य स्पर्धेचा, मेडल घातलेला.

शरच्चंद्र सर : तो मीच काढू दिला नाही. दोनदा रंग दिला भिंतीला, पण फोटो परत लावला.

संहिता : त्या फोटोतल्या मुलीसमोर मला उभं राहता नाही आलं, सर. मुलांनी एकदा तिच्याकडे बघितलं असतं, एकदा माझ्याकडे. मी चपला घातल्या आणि परत गेले.

शरच्चंद्र सर : म्हणून तिथे गेलीस. जिथे कोणी ओळखत नाही.

संहिता : ठरवून नाही गेले. सासरे तीन वर्षं अंथरुणावर होते. निखिलची नोकरी बेटम्याच्या पुढे, कारखान्यात, तो सकाळी सातला जातो. मग मीच. ऑफिस सुटलं की धावत घरी, त्यांना उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची. दिवाळीनंतर ते गेले. त्यानंतरही मी सहाला तशीच धावत घरी जायचे. दार उघडायचे आणि मतलब, करायला काही नसायचंच. सोफ्यावर बसून राहायचे, पर्स खांद्यालाच.

रमा काकू : मला एक फोन नाही केलास.

संहिता : कोणालाच नाही केला, काकू. मग एप्रिलमध्ये एक दिवस लिफ्टची वाट बघत होते आणि वरून आवाज आला. इची, नी, सान. जपानीतलं एक, दोन, तीन, वीस वर्षांपूर्वी रोज ऐकायचे ते. खाली जायचं होतं, पण पायच जिना चढून गेले.

शरच्चंद्र सर : जड जात असेल. आमचं उभं राहणं लांब, खोल. त्यांचं सगळं आखूड, जवळचं.

संहिता : खूप. तुमचा आवाज येतो मला तिथे. "खाली, अजून खाली." पाय आपोआप लांब पडतो. मग श्रेया मॅम येते आणि आपल्या पायाने माझा पाय आत सरकवते. म्हणते, दीदी, इथे एवढं लांब नको, आपल्याला जवळ उभं राहून लढायचंय. एका क्लासमध्ये दहा वेळा. बारा वर्षांत जे हाडात गेलं, ते चार महिन्यांत नाही निघत. कधी कधी वाटतं, काहीच येत नसतं तर बरं झालं असतं.

शरच्चंद्र सर : गुडघे?

संहिता : उजवा दुखतो. पण आखूड उभं राहिलं की कमी दुखतो.

शरच्चंद्र सर : माझे दोन्ही बदलले. डॉक्टरने विचारलं, काय करत होतात आयुष्यभर? म्हटलं, मुलांना खाली बसवत होतो. स्वतःही बसत होतो, दगडी फरशीवर. तुम्हा सगळ्यांचे गुडघे खराब करून ठेवले का मी?

संहिता : नाही, सर.

शरच्चंद्र सर : मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

संहिता : थोडे केले असतील. पण सासऱ्यांना तीन वर्षं उचललं ते त्याच पायांवर. नर्स म्हणायची, मॅडम, तुमची कंबर कशी नाही गेली?

शरच्चंद्र सर : परत ये. सुजयला सांगतो मी. ब्राउनच बांध. सहा महिन्यांत परीक्षेला बसशील.

संहिता : नाही, सर.

शरच्चंद्र सर : माझा राग आहे अजून?

संहिता : तसं नाही.

रमा काकू : तसंच आहे. चहा घ्या. आणि आता मी बोलते, कारण ही बोलणार नाही आणि तुम्हाला बोलता येणार नाही. परीक्षेच्या आठ दिवस आधी ही इथे साखरपुड्याचे पेढे घेऊन आली होती. ह्याच खोलीत. तुम्ही पेढा हातातसुद्धा घेतला नाहीत. म्हणालात, "बारा वर्षं लावली तुझ्यावर. तेवढ्यात दोन मुलं तयार झाली असती."

संहिता : काकू, जाऊ दे ना आता.

रमा काकू : वीस वर्षं जाऊच दिलं. ते पेढे मी एकटीने खाल्ले, चार दिवस.

शरच्चंद्र सर : आठवतं मला. परीक्षेच्या दिवशी भोपाळहून परीक्षक आले होते. साडेबारापर्यंत त्यांना थांबवलं. सांगितलं, मुलगी येणार आहे, बस लेट असेल. ती का येणार नाही ते मला माहीत होतं.

संहिता : मी घरीच होते. ड्रेस घालून. आई म्हणाली, जा ना. नाही जाता आलं.

शरच्चंद्र सर : त्या पेढ्यांच्या दिवशी तू जिना उतरत होतीस तेव्हाच कळलं होतं की चुकीचं बोललो. मागे आलो असतो तर कोपऱ्यावर गाठलं असतं तुला. तेव्हा गुडघे चांगले होते माझे.

संहिता : चहा निवतोय, सर.

शरच्चंद्र सर : मग का नाही येत परत? तेवढं सांग.

संहिता : दमले आहे. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, संहिताला येतं. घरी वाटतं, संहिता करेल. तुमच्याकडे आले तर तेच, संहिता ब्राउन बेल्ट आहे, तिला येतंच. तिथे दीड तास मला काही येत नाही आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. ब्राउनला मी आता पुरी पडणार नाही, सर. आणि खरं सांगू, पुरं पडायचंही नाहीये.

शरच्चंद्र सर : काय शिकवलं त्यांनी आतापर्यंत?

संहिता : सांचिन नावाचा काता. मोजकीच पावलं, ठरलेल्या क्रमाने. सगळं श्वासावर आहे.

शरच्चंद्र सर : दाखव.

संहिता : ऑफिसच्या कपड्यांत?

शरच्चंद्र सर : चालेल. रमा, तो वॉकर बाजूला घे जरा.

(संहिता खुर्ची सरकवून जागा करते. बराच वेळ फक्त तिच्या श्वासाचा आवाज.)

शरच्चंद्र सर : तिसऱ्या पावलाला पाय लांब गेला.

संहिता : हो. तिथेच जातो.

शरच्चंद्र सर : तो माझा आहे. तिला सरकवू दे आत. परीक्षा कधी आहे?

संहिता : पुढच्या महिन्यात, रविवारी सकाळी. पिवळ्या बेल्टची आहे सर, काही खास नाही.

शरच्चंद्र सर : मला रिक्षात चढता येत नाही. कार आणशील?

संहिता : तुम्ही याल?

शरच्चंद्र सर : मागे बसेन कुठेतरी. पण तुझ्या मॅडमना सांगू नकोस मी कोण ते. उगाच उठून उभी राहील, नमस्कार करेल, शिकवणं राहील बाजूला.

संहिता : मग विचारलं तर काय सांगू?

शरच्चंद्र सर : सांग, घरून कोणीतरी आलंय.