हवावाली

—नाही नाही, मान हलवू नका साहेब, कडी अडकते मग. हं, बसली. ही एक, आणि ही मागची. माझा आवाज येतोय ना कानात? येत असेल तर डोळे मिटा एकदा. शाब्बास! तुमचा मला नाही येणार हां, या प्रसंगात तुमचा रेडिओ मेलेला आहे ना, म्हणून आत माइकच बसवलेला नाही — शिव्या घाला, गाणी म्हणा, बाहेर नुसती तोंडाची उघडझाप दिसणार. हसू नका, टोप हलतो. तो पंखा ऐकू येतोय? घूंऽऽ करतोय तो? तीच तुमची हवा. आणि बटण हे इथं, माझ्या हातात. दिग्दर्शक ‘हवा बंद’ म्हणाले की बंद, ‘कट’ म्हणाले की चालू. कशाला बंद करायची? अहो, पंखा चालू असला तर काचेवर श्वासाची वाफ धरत नाही, आणि वाफ धरली नाही तर एकटेपणा दिसत नाही म्हणे! मोठ्या माणसांचं मोठं डोकं. तर या बटणाला हवावाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, छत कोसळलं तरी नाही. एकदा कुणी शहाण्यानं भर टेकमध्ये दाबलं होतं, तेव्हापासूनचा नियम. आज हवावाली मी आहे.

हात? हात नाही सुटायचे साहेब. तुमचा यानाला बांधलेला दोर तुटलाय, हात पाठीमागं गुंतलेत, तुम्ही काळोखात तरंगताय — मागच्या भागात होतं तसंच, लोकांना पुन्हा तेच बघायचंय. कळ काढा जरा. वरचा दिवा गेलाय, पोरं चढलीत बदलायला, तोवर लटकू या आपण. म्हणजे तुम्ही लटका, मी आपली मचाणावर बसलेय. आणि ते बघा खाली, पत्रकार आलेत सगळे, कशा टुकूटुकू माना वर करून बसलेत! तुम्हीच बोलावलंत ना? ‘मागच्या वेळचा तो प्रसंग मी स्वतः केला, डुप्लिकेट वापरला नाही, या आणि डोळ्यांनी बघा’ — वाचलं ना मी. सगळ्यांनी वाचलं. आता काय, ‘मला उतरवा’ म्हणायचीही सोय राहिली नाही. बरं, पोशाख कुठं काचत नाही ना? मीच शिवलाय तो. मी मूळची शिवणवाली, हे हवेचं काम मागून घेतलं. काखेत जरा घट्ट लागत असेल, कारण तो तुमच्या मापाचा नाहीच. मागच्या सिनेमातला आहे. अस्तर तेवढं नवीन घातलं, जुन्यावरचे डाग काही केल्या निघेनात — रक्त वाळलं ना की साबण काय, काही काही लागत नाही हो.

कुणाचं म्हणजे? बाई गं, काय डोळे वटारताय! नाक फुटलं होतं एकाचं. सांगते ना, वेळ आहे आपल्याला. आमच्यात एक वटवाघूळ होतं — म्हणजे सेटवर म्हणायचे त्याला तसं, उलटा टांगला तरी गप्पा मारायचा म्हणून. लहानपणापासून ही खोड. पाण्याच्या टाकीवर चढला, कशाला, तर पलीकडं काय आहे ते बघायला. पडला, हात मोडला, प्लास्टर ओलं होतं तोवर पठ्ठ्या पुन्हा शिडीवर! आईनं बदडबदड बदडलं. तर म्हणतो कसा, पलीकडं आणखी एक टाकी आहे, तिच्यापलीकडं काय आहे ते राहिलंय. आणि अंतराळाचा सिनेमा लागला की मला ओढत न्यायचा. पुढची रांग, मान दुखेपर्यंत. मला मेलं काही कळायचं नाही, नुसता काळोख आणि एक माणूस भोपळ्याएवढं डोकं घेऊन फिरतोय. तर कानात सांगायचा — ताई, हे सगळे नवं जग शोधायला निघतात ना, पण बघ, अर्धा सिनेमा रेडिओला कान लावून बसलेले असतात. तिकडनं कुणीतरी ‘ऐकतोय’ एवढं म्हणावं, बास, मग पुढं कुठंही जातील.

हो, माझा भाऊ. धाकटा. सांगायचं नव्हतं खरं, निघून गेलं तोंडातून. आता तरी ओळखलंत? नाही? अहो, मागच्या सिनेमात वर्षभर तुमच्या पाठीला पाठ लावून उभा होता तो! तुमच्या वाटचं पडत होता, आपटत होता. आणि त्या दिवशी इथं, याच हुकाला, आधी तुम्हालाच चढवलं होतं. हवा बंद झाली आणि दहा आकडे मोजायच्या आत तुम्ही पाय झाडायला लागलात. उतरवलं तुम्हाला. घामानं निथळत होतात, आणि ओरडत होतात, मला मारताय का, श्वास कोंडतो आत, मी नाही चढणार, त्या माकडाला चढवा. चढवला माकडाला. दोन कड्या, हात मागं, ‘हवा बंद’ — आणि हवावाल्यानं बटण दाबलं मात्र, तुम्ही शिडीवरून वर! अजून राग गेला नव्हता ना तुमचा. त्या म्हाताऱ्या हवावाल्याला कॉलर धरून खेचलंत, शिडीच्या पायऱ्यांवरून तोंडावर खाली आणलंत, आणि पडद्यामागं नेऊन हाणलंत — लाथा, बुक्के, दिवा लावायचा लोखंडी दांडा होता तो पण. पुढचे दोन दात मीच उचलले जमिनीवरून. मी त्याच्या अंगावर आडवी पडले होते, माझ्या बरगडीत बसला तुमचा बूट. ती अजून दुखते, कूस बदलली की. हं, आता कसं, आता ओळख पटली! ती शिवणवाली. तीच मी.

अर्धी माणसं तुमची मारामारी बघत होती आणि अर्धी मॉनिटरवर माझ्या भावाला. आणि हा काय करत होता? डोकं आपटत होता. हात बांधलेले, माइक नाही, कानात आवाज नाही — हे कानातलं त्याच्यानंतर आलं. मग आपटणार काय? कपाळ! धाड, धाड, धाड, काचेवर. वाफ एवढी धरली की तोंड दिसेना, तांबडं काहीतरी नुसतं ओघळत होतं. दिग्दर्शक म्हणाले, कट करू नका, कुणी हलू नका, काय करतोय हा पोरगा, काय करतोय! मग तो थांबला. गरगर फिरत राहिला हळूहळू, तोही शॉट घेतला. मग कट. मग टाळ्या. बटणापाशी कुणी नव्हतं, आणि बाकीच्यांनी हात लावायचा नाही असा नियम. मी पडद्यामागं त्या टाळ्या ऐकल्या, म्हटलं, चला, आमच्या वटवाघळाचं झालं वाटतं चांगलं.

‘मला माहीत नव्हतं’ म्हणतोस? ओठ दिसतात मला, सगळं दिसतंय. काय माहीत नव्हतं रे तुला? आत श्वास कोंडतो हे तुला नव्हतं माहीत? त्या इमारतीत एकट्या तुलाच माहीत होतं, भडव्या! तूच तर ओरडत उतरलास! आणि मग वाफेआड तोंड दिसत नाही म्हटल्यावर तो प्रसंग तू स्वतःच्या नावावर घातलास. ‘मी तेव्हा आईच्या मरणाचा विचार करत होतो, एकटेपणा आतून आला’ — आतून आला! माझ्या भावाचा जीव चालला होता, आणि थिएटरात लोक हुंदके देतात तुझ्या नावानं. मी जाते बघायला. पुढच्या रांगेत बसते. सगळे रडतात आणि मला वाटतं पडदा फाडून काढावा नखांनी.

रडू नका. रडलात तर पुसायला हात नाहीत. एकच विचारते, साहेब, साधं आहे — त्याचं नाव सांगा. वटवाघूळ नको, नाव. वर्षभर तुमच्यासाठी आपटत होता, एकदा तरी हाक मारली असेल. सांगा, मी ओठांवरून ओळखीन, आणि ओळखलं की त्याच क्षणी हे बटण दाबीन, टेक गेला खड्ड्यात, मला हाकलू देत. नाही. ते नाही. तेही नाही — ते हवावाल्याचं आहे. ज्याला हाणलंत त्याचं बरं लक्षात राहिलं!

लागला दिवा. हं, आले दिग्दर्शक. सगळे गप्प झाले बघा. मीही आता हळूच बोलते.

हवा बंद.

ऐकू येतंय ना, कसं शांत झालं? घाबरू नका, मी शिडीवर कुणाला येऊ देणार नाही. आठवा. दमानं आठवा. वाफ धरली, झकास धरली — आता ओठ नाही दिसत, आता तुम्हाला ठोकावंच लागेल. हां, असं. कपाळानं. जोरात, खालपर्यंत गेलं पाहिजे. दिग्दर्शक उभे राहिले बघा, ते पत्रकार तर लिहायचे थांबलेत, त्यातल्या एका बाईनं तोंडावर हात धरलाय. ठोका, मी ऐकतेय. त्याला कुणी म्हटलं नव्हतं, मी तुम्हाला म्हणतेय — ऐकतेय मी.

कट म्हणाले. ऐकलंत? काय टाळ्या, काय टाळ्या! सगळे उठून उभे राहिलेत. हो हो, बोट बटणावरच आहे माझं, मी काही तुमच्यासारखी नाही. फक्त टाळ्या थांबू देत, साहेब.