आबाच्या तोंडाले कुलूप

…अन् वरून मलेच म्हनते, "आबाजी, तोंडाले कुलूप!" मले! आता तुमीच सांगा, ज्या मानसानं एकतीस वर्षं नांदुऱ्याच्या बसस्टँडवर माइकमंधी वरडून वरडून वरवट बकालची गाडी फलाटावर लावली, त्याच्या तोंडाले कुलूप? अन् कायले? तर म्हने पोरगी चित्र काढून राह्यली!

म्हननारी कोन, तर धम्मशीला मॅडम. दर मंगळवारी दवाखान्यात येते, न बोलनाऱ्या लेकरायले बोलतं करते. आमची नात रेणुका… चार वर्षांची झाली, पन तोंडात शब्द दोनच, "आई" अन् "दे". कान तपासले, चांगले. समजते सारं. बोलाचं नाव नाही! गल्लीतल्या बाया विचारत, "मुकी हाय का वं?" मंग आमची सून मनाली चुलीपाशी जाऊन डोळे पुसे. अन् मी? ज्याच्या आवाजानं अख्खा स्टँड पळे, त्याच्या नातीले आवाज नाही… लय लागलं बाप्पा मनाले.

तर मॅडमनं काय द्यावं? कोरे कागद अन् रंगीत खडू! म्हनलं, "मॅडम, औषध लिहा ना!" म्हने, "हेच औषध. पोरगी काढन, तुमी बाजूले बसा. तिनं जे काढलं त्याचं नाव एकदा घ्या, अन् चूप. मनात दहा मोजा. हे काय, ते काय, विचारू नका. तोंडाले कुलूप!"

सोपं वाटते ना तुमाले? बसून पाहा!

पहिल्या दिवशी पोरीनं लाल गोल काढला. मी म्हनलं, "हे काय? टमाटर? चाक? बोल ना! अवं, चाक असं असते काय? आन इकडं!" अन् घेतला खडू, काढली अख्खी यष्टी! दरवाजा, आरसा, मांगची शिडी, वर पाटी "वरवट बकाल", अन् जोरात म्हनलंही, "प्रवाशांनी लक्ष द्यावं…" पाहतो तं काय? पोरगी खडू ठेवून बकरीपाशी जाऊन बसली!

आमच्या अन्नपूर्णानं लगेच मॅडमले फोन लावला. नवऱ्याची चुगली! मॅडम म्हने, "आबाजी, सारी गाडी तुमीच भरली, तं पोरगी बसन कुठं?" अन् अन्नपूर्णा बाजूनं, "बरं झालं कोनी तरी सांगतलं. चाळीस वर्षं झाले, मले बी मधात बोलाले जागा नाही भेटली!" घ्या! आता नातीचं राह्यलं बाजूले, मीच पेशंट!

पन गोष्ट लागली हो मनाले. पोरीनं तोंड उघडाच्या आतच मी बोलून मोकळा! मंग गालात सुपारी धरली अन् बसलो.

महिना गेला. एक दिवस पोरीनं गाडी काढली… जांभळी! यष्टी जांभळी असते काय हो? अन् चाकं कुठं? टपावर! एकतीस वर्षं नोकरी केली मी, अन् माह्या डोळ्यासमोर चाकं टपावर! जीव कासावीस झाला… पन कुलूप! एकदाच म्हनलं, "गाडी." अन् मोजाले लागलो. एक… दोन… पाच… सातवर सुपारी घशात जाऊन राह्यली, खोकलो नाही… आठ… नऊ…

"गाडी."

हळूच. मी हाललो नाही. मंग कागदावरून बोट फिरवत म्हने, "गाडी गेली."

खरं सांगतो, रडलो मी. मनाली पिठाच्या हातानं धावत आली, लेकराले पोटाशी धरलं. अन् मले माइक घेऊन साऱ्या तालुक्याले सांगावं वाटे… पन कुलूप! मॅडमसमोर हात जोडले. माह्या लेकीच्या वयाची पोरगी, पन देवमानूस! म्हने, "मी काय केलं? खडू तिचा, चूप तुमी बसले."

मांगच्या मंगळवारी मॅडमसमोर रेणुकानं पानभर चित्र काढलं. डोळे नाही, नाक नाही, कान नाही. नुसतं तोंड! एवढं उघडं! लाल खडू झिजून संपला. मी मनात मोजाले लागलो. पोरीनं चित्रावर बोट ठेवलं अन् म्हने, "आबा लय बोलते!"

तीन शब्द! आयुष्यातलं पहिलं लांब वाक्य, अन् तेही तक्रार! मॅडमनं टाळ्या वाजवल्या, मनाली रडून राह्यली का हसून राह्यली समजे ना. अन् अन्नपूर्णा? "पोरगी बोलाले लागली ते लागली, पन खरं बोलाले लागली!"

आता यावर मी काय बोलू? बोललो तं तिचंच खरं होते, नाही बोललो तं कबूल केल्यासारखं!

मंग काय, फ्रेम केली अन् लावलं चित्र समोरच्या खोलीत. आतापर्यंत चाळीसेक पाहुने येऊन गेले असतील. कोनाचं चित्र हाय म्हनून एकानं विचारलं नाही हो… साऱ्यायनं बराबर ओळखलं!