सगळ्यात मागे

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिची ताई बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर सायकलचं हेल्मेट होतं आणि कोपर टम्म सुजलं होतं.

"इतक्या जोरात होतीस?"

"जोरात कसली, ताई. इतकी हळू की सायकल जागच्या जागी थांबली आणि मी आडवी."

"चढावर?"

"चढावरच. ग्रुपचे काका गेल्यानंतरची पहिली राइड. ते कायम सगळ्यांच्या मागे असायचे ना, दमलेलं कोणी एकटं पडू नये म्हणून. आज ती जागा प्रत्येकालाच हवी."

"म्हणजे?"

"म्हणजे आठही जण ब्रेक दाबत चढ चढतायत. तू हो पुढे, नाही, तू हो. डॉक्टरीणबाई तर बुटाची लेस बांधायला तीनदा थांबल्या."

"वेडे आहात सगळे."

"ऐक तर. मी पडले, तेव्हा कुठे भांडण मिटलं. मग निघालो शेजारी शेजारी, अख्खा रस्ता अडवून. तेवढ्यात मागून ट्रक. हॉर्नवर हॉर्न."

"बाई गं. काकांना ट्रकनं उडवलं, तिथेच?"

"तिथेच."

"झालात ना बाजूला?"

"एकही नाही. माथ्यापर्यंत सरकत आला बिचारा. आज सगळ्यात मागे तोच."