भिंतीवरची चहाची रेघ

जबाब देणाऱ्याचे नाव वरच्या रकान्यात घेतले आहे. गल्लीत मला रंगाशेठ म्हणतात. शेठ कशाचा, ते मलाही माहीत नाही. वय ५३ वर्षे, धंदा घरे रंगवण्याचा. राहणार खालची गल्ली, शेवटून दुसरे घर. शेवटचे घर माझ्या थोरल्या बहिणीचे, तिला मी ताई म्हणतो. ती शिवणकाम करते आणि एकटी राहते.

समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी पकडून आणलेले नाही, मी आपल्या पायांनी आलो. हवालदारसाहेबांनी चोरी झाली का विचारले, मग मारामारी का. मी म्हणालो, भिंतीवर रेघ काढली. त्यांनी पेन खाली ठेवले.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास नदीचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. बारापर्यंत ते माझ्या छातीला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरले. सरकारने तातडीची मदत जाहीर केली. पाहणी करणारे साहेब घरोघर येणार, पाण्याने भिंतीवर सोडलेली गाळाची रेघ बघणार, फोटो काढणार आणि त्यावरून मदत खात्यात जमा होणार. हे लाउडस्पीकरवर तीनदा सांगितले. मी तिन्ही वेळा ऐकले.

असे असताना शुक्रवारी मी भिंत घासून धुतली आणि माळ्यावर उरलेल्या रंगाच्या डब्यांतून दोन हात मारले. रंगाऱ्याच्या घरात तसली भिंत मला बघवेना. ताई दारात येऊन म्हणाली, "अरे, पाहणीवाले तरी येऊन जाऊ देत." मी म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही." ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षे सांगत आलो आहे. कोणाचेही घर ठरल्या दिवशी पूर्ण केल्याचे मला आठवत नाही. हे एकच वेळेआधी झाले.

शनिवारी पलीकडच्या गल्लीत खूण नाही म्हणून एकाचा अर्ज बाजूला पडला, तेव्हा माझे डोळे उघडले.

रविवारी दुपारी मी गाळ, काजळी आणि कडक चहा कालवून रेघ परत काढली. उंची होती तेवढीच, सव्वाचार फूट. वाढवून धरली नाही, हे लिहून घ्यावे. प्रत्येक कोपऱ्यात फरशीपासून टेप लावून खूण केली आणि रेघ सरळ यावी म्हणून सूत ताणून मारले. पुरात वाहून येतात तशा वर दोन काड्याही चिकटवल्या. मागे सरून बघितले आणि खरे सांगतो, आयुष्यात इतके नेटके काम माझ्या हातून झाले नव्हते.

सोमवारी दहा वाजता साहेब आले. आधी ताईच्या घरी फोटो काढले, मग माझ्याकडे. त्यांच्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी होती, गवंडी पातळी बघायला वापरतात तशी. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धरून ते म्हणाले, "काका, तुमच्या घरात पाणी उतारावर उभं होतं का?" माझ्या फरशीला मोरीकडे तीन इंच उतार आहे. तो मीच उभा राहून द्यायला लावला होता. मी फरशीपासून मोजले, त्यामुळे रेघही फरशीबरोबर उतरत गेली. पाणी तसे करत नाही. साहेबांनी रेघेवर बोट फिरवले, नाकाला लावले आणि विचारले, "साखर घातली होती?" मी हो म्हणालो. मुंग्या लागल्याच होत्या.

माझे हसे झाले ते ठीक. पण साहेबांनी माझा धंदा विचारला, मग शेजारी कोण ते विचारले. बहीण म्हटल्यावर त्यांनी ताईचा अर्ज माझ्या अर्जाला टाचला आणि दोन्हींवर 'संशयास्पद' लिहिले. मी हातापाया पडून नळी तिच्याही घरी लावायला लावली. रेघ तंतोतंत निघाली, चहाचा वासही नव्हता. साहेब म्हणाले, "ही तुम्हाला चांगली जमली."

ताईची रेघ पाण्याने काढलेली आहे. शनिवारी यादी लागणार. तिची शिलाई मशीन गाळात गेली. यादीत नाव नसेल तर दुसरी येणार नाही, आणि मशीनशिवाय तिचे पोट चालत नाही.

पाणी आले तेव्हाचे विचारले म्हणून सांगतो. ताई माझ्या खांद्याला लागते. मी तिला पाठीवर घेतले. ती म्हणाली, "मला राहू दे, मशीन घे." मशीन मी घेतली नाही. या सगळ्या जबाबात पश्चात्ताप होत नाही अशी ती एकच गोष्ट आहे.

आज सकाळी मी तिला म्हणालो, ठाण्यात जाऊन खरे सांगतो. ती म्हणाली, "बारा वर्षं म्हणतेय, माझं घर रंगवून दे. तेव्हा तुला सवड झाली नाही. आणि आता लोक म्हणतात, रेघ तू काढलीस." मग ती रडली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. ताईचा अर्ज तेवढा माझ्या अर्जापासून सोडवावा. चहाने पूर काढणाऱ्या माणसाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, हे मला मान्य आहे.

हवालदारसाहेबांनी जबाब मोठ्याने वाचला. मुंग्यांपाशी ते जरा थांबले. मी बोललो तसाच उतरला आहे. शेवटी एवढे वाढवून घेतले, तेही वाचून दाखवले, तेही खरे आहे : बारा वर्षांत ताईच्या भिंतीला माझा हात लागलेला नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर गल्लीत कोणालाही विचारावे. सगळ्यांना माहीत आहे.